साध्या लेन्सची बाजू

गेल्या काही वर्षांत आपल्या विद्यालयातील मुलामुलींना पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याची गोडी लागली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. वसतिगृहामागची बाभळींची रांग, विहिरीजवळचा उंबर, पलीकडचा पाझर तलाव आणि त्याला लागून असलेली शेते एवढ्या परिसरात वर्षभर पक्ष्यांची ये-जा असते. विद्यालयाकडे एक जुना डीएसएलआर कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची साधी टेलिफोटो लेन्स आहे. या साहित्यावर काढलेली छायाचित्रे भित्तिपत्रकावर लागतात. ती पाहून काही माजी विद्यार्थ्यांनी एक सूचना मांडली आहे. सर्वांनी वर्गणी काढून विद्यालयाला एक मोठी, भारी लेन्स भेट द्यावी, म्हणजे मुलांची छायाचित्रे सुधारतील, असे त्यांचे म्हणणे आहे.

या सूचनेमागची आपुलकी मी जाणतो. ज्यांनी ती मांडली, त्यांतील बहुतेकांना मी वर्गात शिकवले आहे. तरीही माझे मत वेगळे आहे आणि ते या स्मरणिकेतून स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते. मुलांची छायाचित्रे सुधारायची असतील, तर हाती असलेली साधी लेन्स पुरेपूर वापरायला त्यांना शिकवावे. आणि जमणारी वर्गणी एका मोठ्या लेन्सवर न घालता तसल्याच आणखी तीन साध्या संचांवर खर्च करावी. केवळ काटकसर म्हणून मी हे सुचवत नाही. या मताला शाळेतल्या प्रकाशशास्त्राचे गणित, पक्षिछायाचित्रणाचा इतिहास आणि रविवारी सकाळी मुलांबरोबर तलावावर जाण्याचा माझा काही वर्षांचा अनुभव, असे तीन आधार आहेत.

पैशाने नेमके काय मिळते?

व्यावसायिक छायाचित्रकार वापरतात ती ६०० मिलिमीटर, एफ/४ लेन्स आज दहा लाख रुपयांहून महाग आहे. लाखाच्या आसपास १५०-६०० मिलिमीटरच्या लेन्स मिळतात. याउलट ५५-२५० किंवा ७०-३०० मिलिमीटरची साधी लेन्स साधारणपणे वीस-पंचवीस हजारांच्या घरात येते आणि वापरलेली घेतली तर त्याहूनही कमी पैशांत. ही तफावत पाहिली की चित्राच्या दर्जातही तेवढीच तफावत असणार, असे कुणालाही वाटेल. म्हणून थोडे गणित करून पाहू.

लालबुड्या बुलबुल सुमारे २० सेंटीमीटर लांबीचा असतो. ३०० मिलिमीटर नाभीय अंतर असलेल्या लेन्सने तो १० मीटरवरून टिपला, तर सेन्सरवर त्याची ६ मिलिमीटर लांबीची प्रतिमा पडते. साध्या डीएसएलआरचा सेन्सर सुमारे २३ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे चौकटीचा जवळजवळ चौथा हिस्सा बुलबुलाने व्यापला. तोच पक्षी २० मीटरवर असेल तर प्रतिमा ३ मिलिमीटर होते आणि ४० मीटरवर दीड मिलिमीटर. आता ६०० मिलिमीटरची लेन्स घ्या. २० मीटरवरच्या बुलबुलाची तिच्यातून पडणारी प्रतिमा ६ मिलिमीटरच असते. साध्या लेन्सने १० मीटरवरून मिळाली, तेवढीच. म्हणजे मोठी लेन्स जे अंतर पैशाने कापते, ते साधी लेन्स घेतलेल्या मुलाला १० मीटर पुढे सरकून कापता येते. पक्ष्याला न घाबरवता ते १० मीटर कसे कापायचे, हीच खरी विद्या आहे आणि ती बाजारात मिळत नाही.

६ मिलिमीटरची प्रतिमा पुरेशी आहे का, तेही पाहू. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर आडव्या रांगेत ६,००० पिक्सेल असतात. चौथा हिस्सा म्हणजे १,५०० पिक्सेल. उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले, तरी या चित्रातून पाच इंच लांबीचा बुलबुल स्वच्छ छापता येतो. प्रत्यक्षातला बुलबुल आठ इंचांचा असतो. आपल्या भित्तिपत्रकाला आणि या स्मरणिकेच्या पानाला याहून मोठा पक्षी लागत नाही.

दुसरा प्रश्न प्रकाशाचा. ३०० मिलिमीटरवर साध्या लेन्सचे अ‍ॅपर्चर एफ/५.६ पर्यंत उघडते, मोठ्या लेन्सचे एफ/४ पर्यंत. या दोहोंत एका पायरीचा फरक आहे. मोठी लेन्स दुप्पट प्रकाश आत घेते. कॅमेऱ्याचा आयएसओ ४०० वरून ८०० केला की तेवढीच भरपाई होते. चित्रात थोडे कण वाढतात. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांतले कॅमेरे आयएसओ ८०० सहज पेलतात.

मोठ्या लेन्सचे काही फायदे निर्विवाद आहेत. तिचा फोकस झटकन बसतो, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे असतानाही चित्र धारदार येते, अंधुक प्रकाशात उडणारा पक्षी तिच्यानेच नीट टिपता येतो. तलावाच्या मध्यभागी बसलेल्या बदकांपर्यंत पायी जाता येत नाही. तेथे साधी लेन्स हात टेकते. ज्यांना या विषयातच पुढे जायचे आहे, त्यांनी स्वतःच्या कमाईने ती लेन्स अवश्य घ्यावी. माझा आक्षेप एवढाच आहे की आठवी-नववीतल्या मुलांची जी छायाचित्रे आज फसतात, त्यांतली फारच थोडी लेन्सच्या मर्यादेमुळे फसतात.

इतिहास काय सांगतो

इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे एखाद्या गोष्टीची सुरुवात कुठून झाली, हे पाहण्याची मला सवय आहे. पक्षिछायाचित्रणाचा आरंभ अत्यंत अपुऱ्या साधनांनी झाला. इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या एका शेतकरी कुटुंबातले रिचर्ड आणि चेरी कियरटन हे दोन भाऊ १८९२ च्या सुमारास घरट्यांची छायाचित्रे घेऊ लागले. १८९५ साली त्यांचे ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले; निसर्गात प्रत्यक्ष घेतलेल्या छायाचित्रांनी सजलेल्या आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. त्यांचा कॅमेरा अवजड होता आणि प्रत्येक चित्रासाठी वेगळी काचपट्टी घालावी लागे. पक्ष्याला जवळ आणणारी आजच्यासारखी लेन्स त्यांच्याकडे नव्हती. मग त्यांनी काय केले? बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून एक पोकळ बैल तयार केला आणि त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह लपून पक्ष्यांजवळ बसले. गुरांना पक्षी भीत नाहीत, हे शेतकऱ्याच्या मुलांना वेगळे शिकवावे लागले नव्हते. आपल्याकडे नांगरामागून चालणारे गायबगळे आणि म्हशीच्या पाठीवर बसलेला कोतवाल पाहत वाढलेल्या मुलांनाही ते शिकवावे लागत नाही.

एमा टर्नर या इंग्रज छायाचित्रकार महिलेने १९११ साली नॉरफोकच्या दलदलीत बिटर्न या बगळ्याच्या कुळातील पक्ष्याच्या पिलाचे छायाचित्र घेतले. ब्रिटनमध्ये वीण थांबलेला हा पक्षी पुन्हा तेथे घरटी करू लागल्याचा तो पुरावा ठरला. त्या चित्राचे मोल त्याच्या देखणेपणापेक्षा त्यातल्या माहितीत अधिक होते.

आपल्या देशातले उदाहरण मद्रासच्या एम. कृष्णन यांचे आहे. १९१२ ते १९९६ हा त्यांचा जीवनकाळ. भारतातील वन्यजीवांवर लिहिणाऱ्यांत आणि कृष्णधवल छायाचित्रे घेणाऱ्यांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. वेगवेगळ्या बनावटीचे भाग एकत्र जुळवून त्यांनी स्वतःच आपला कॅमेरा सिद्ध केला होता. त्यांच्या चित्रांत प्राण्याचे वागणे दिसते, कारण चित्र घेण्याआधी त्यांनी तो प्राणी दीर्घकाळ पाहिलेला असे.

या तिन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट दिसते. साधन अपुरे होते तेव्हा माणसांनी पक्ष्याचा स्वभाव अभ्यासला आणि त्या अभ्यासातून चित्र मिळवले. साधन आयते मिळाले की हा अभ्यास मागे पडण्याचा धोका असतो.

साध्या लेन्सकडून काम कसे घ्यावे

आता प्रत्यक्ष शिकवण्याच्या गोष्टी. त्या मी विस्ताराने देतो, कारण सुट्टीत घरी गेलेल्या मुलाला कॅमेरा मिळाला तर हे पान त्याच्या उपयोगी पडावे.

पहिली गोष्ट अंतर. पक्ष्याच्या दिशेने सरळ चालत जाऊ नये. तिरके चालावे, मध्येच थांबावे, त्याच्याकडे टक लावून पाहू नये. पक्ष्याने खाणे थांबवून मान उंचावली की आपणही थांबावे. तो पुन्हा खाऊ लागला की दोन पावले सरकावे. याहून चांगला मार्ग म्हणजे पक्षी जेथे येतो तेथे आधीच जाऊन बसावे. वेडा राघू हवेतला किडा पकडून बहुतेक वेळा त्याच फांदीवर किंवा तारेवर परत येतो. कोतवालाचीही तीच रीत. ती जागा हेरून सात-आठ मीटरवर झुडपाच्या आडोशाला अर्धा तास शांत बसणाऱ्याला जे चित्र मिळते, ते मागे धावणाऱ्याला दिवसभरात मिळत नाही.

दुसरी गोष्ट सूर्य. सकाळी पहिले दोन तास आणि संध्याकाळचा शेवटचा दीड तास साध्या लेन्ससाठी सोन्यासारखा असतो. सूर्य आपल्या पाठीशी असावा. आपली सावली पक्ष्याकडे रोखलेली असली की प्रकाशाची दिशा बरोबर आहे, असे समजावे. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा लहरत असते. त्या वेळी नांगरलेल्या शेतातून दूरच्या टिटवीचे चित्र घेतले, तर दहा लाखांची लेन्सही ते धारदार देऊ शकत नाही. दुपार घरट्यांपासून दूर, सावलीत बसून वहीत नोंदी करण्याची वेळ आहे.

तिसरी गोष्ट स्थैर्य. आमच्या मुलांची निम्म्याहून अधिक चित्रे हलल्यामुळे बिघडतात आणि दोष मात्र लेन्सला दिला जातो. ३०० मिलिमीटरवर हातात धरून चित्र घेताना शटर स्पीड १/५०० सेकंदापेक्षा कमी नसावा. सतत हालचाल करणाऱ्या चिरक, शिंजीर अशा लहान पक्ष्यांसाठी १/१००० आणि उडत्या पक्ष्यांसाठी १/१६०० ते १/२००० ठेवावा. लेन्समधली कंप रोखणारी सोय आपल्या हाताचा कंप आवरते. पक्ष्याची हालचाल ती थांबवू शकत नाही, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. वेग वाढवताना प्रकाश कमी पडला, तर आयएसओ १६०० पर्यंत जाऊ द्यावा. कण आलेले चित्र पुढे सुधारता येते, हललेले चित्र सुधारता येत नाही. कोपरे छातीशी टेकवावीत, झाडाला किंवा बांधाला रेलावे, श्वास सोडून हलक्या हाताने बटण दाबावे. जुन्या चादरीची पिशवी शिवून तिच्यात ज्वारी भरली, तर दगडावर किंवा भिंतीवर लेन्स टेकवायला उत्तम उशी तयार होते. तिला खर्च येत नाही.

चौथी गोष्ट लेन्सची ओळख. बहुतेक साध्या झूम लेन्स ३०० मिलिमीटर आणि एफ/५.६ या टोकाला थोड्या मऊ पडतात. अ‍ॅपर्चर एफ/८ केले किंवा झूम २५० वर आणला, तर चित्र अधिक धारदार येते. किती फरक पडतो, हे प्रत्येक लेन्सचे वेगळे असते. त्यासाठी वर्तमानपत्राचे पान भिंतीवर चिकटवावे आणि कॅमेरा स्थिर ठेवून २००, २५० व ३०० वर, एफ/५.६ आणि एफ/८ अशी सहा चित्रे घ्यावीत. कोणत्या चित्रातली बारीक अक्षरे नीट वाचता येतात ते मुलांनीच ठरवावे. विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग अवश्य करावा. लेन्सपुढे लावलेली स्वस्त काच काढून टाकावी आणि हूड मात्र नेहमी लावावा.

पाचवी गोष्ट फोकस. कॅमेऱ्याला सगळे बिंदू मोकळे दिले, तर तो पक्ष्यापुढच्या काडीवर फोकस करतो. मधला एकच बिंदू निवडावा आणि तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवावा. डोळा स्वच्छ आला तर शेपटी थोडी अस्पष्ट असूनही चित्र जिवंत वाटते. डोळाच गेला तर बाकी सारे व्यर्थ. साध्या लेन्सचा फोकस संथ असतो, म्हणून पक्षी येण्याआधीच त्या फांदीवर तो बसवून ठेवावा. पक्षी आल्यावर लेन्सला फार थोडे सरकावे लागते.

सहावी गोष्ट उजेड-अंधाराचा अंदाज. गडद झाडीपुढचा पांढराशुभ्र बगळा कॅमेरा फाजील उजळ करतो आणि पिसांचे तपशील पुसले जातात; तेथे एक्सपोजर दोन तृतीयांश ते एक पायरी कमी करावे. उजळ आकाशापुढच्या फांदीवरचा तांबट काळी सावली होऊन बसतो. तेथे एक ते दीड पायरी वाढवावे.

सातवी गोष्ट उंची आणि पार्श्वभूमी. पाण्याकाठच्या धोबी पक्ष्याचे किंवा शेकाट्याचे चित्र उभ्याने घेतले, तर वरून काढलेल्या नकाशासारखे दिसते. चिखलात बसावे, जमल्यास आडवे व्हावे. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आला की पलीकडचा किनारा दूर जातो आणि आपोआप अस्पष्ट होतो. मोठ्या लेन्सची म्हणून ज्या मऊ पार्श्वभूमीची वाखाणणी होते, ती पक्षी जवळ आणि मागची झाडे दूर असली की साधी लेन्सही देते.

शेवटी संगणकावरचे काम. चित्र 'रॉ' स्वरूपात घ्यावे, सरळ करावे, योग्य तेवढे कापावे, कण थोडे कमी करावेत, धार किंचित वाढवावी आणि थांबावे. पक्ष्याच्या कडेला पांढरी रेघ दिसू लागली की धार प्रमाणाबाहेर गेली, असे समजावे. कापल्यानंतर पक्षी ५०० पिक्सेलपेक्षाही लहान उरत असेल, तर ते चित्र नोंदीपुरते ठेवावे, भिंतीवर लावू नये.

चित्र हा पुरावा आहे

इतिहासात तारीख आणि स्थळ नसलेल्या कागदाला आम्ही फार किंमत देत नाही. पक्ष्याच्या चित्रालाही मी हीच कसोटी लावतो. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या झाडावर, पक्षी काय करत असताना हे चित्र घेतले, एवढ्या चार गोष्टी वहीत असतील तर साधे चित्रही कागदपत्र होते. नसतील तर भारी लेन्सचे चित्रसुद्धा केवळ शोभेचे राहते. म्हणूनच चित्रात नसलेली फांदी घालणे, दोन पक्षी एकत्र जोडणे हे मी मुलांना करू देत नाही. कापणे म्हणजे निवड. जोडणे म्हणजे बनावट दस्तऐवज.

या नोंदींना आज मोठी वाट मोकळी झाली आहे. ई-बर्ड या संकेतस्थळावर कुणालाही आपल्या गावातल्या पक्ष्यांची यादी छायाचित्रांसह नोंदवता येते. दरवर्षी फेब्रुवारीत होणाऱ्या पक्षिगणनेत देशभरातील शाळा-महाविद्यालयांचे परिसर भाग घेतात. अभ्यासकांच्या गाड्या भिगवणला आणि नांदूर मधमेश्वरला जातात. आपल्या पाझर तलावाकडे त्या वळत नाहीत. येथे हिवाळ्यात कोणते पक्षी उतरतात, याची नोंद येथे राहणाऱ्या मुलांनी केली नाही तर ती होणारच नाही. ज्यांच्या वस्त्यांची, श्रमांची आणि जाणत्या माणसांची नोंद इतरांनी फारशी ठेवली नाही, अशा घरांतून आपली मुले येतात. स्वतः नोंद ठेवण्याचे महत्त्व त्यांना कुणी पटवून देण्याची गरज नाही. लेखणीबरोबर कॅमेराही त्यांच्या हाती असावा आणि तो त्यांच्याच हाती राहावा.

येथे एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. साध्या लेन्सला जवळ जावे लागते आणि जवळ जाण्याचा मोह पक्ष्याला महागात पडू शकतो. घरट्याचे चित्र घेण्यासाठी आडव्या आलेल्या फांद्या तोडल्या, की सावली जाते आणि कावळ्याला अंडी दिसतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, तर तिची अंडी जवळच आहेत. तेथून मागे फिरावे. पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला बोलावू नये. आपल्या मंडळाचा नियम असा आहे की विणीच्या काळात घरट्याजवळ कॅमेरा न्यायचा नाही आणि उडवून लावलेल्या पक्ष्याचे चित्र भित्तिपत्रकावर घ्यायचे नाही. एरिक हॉस्किंग या नामांकित ब्रिटिश छायाचित्रकाराने १९३७ साली घुबडाच्या घरट्याजवळ काम करताना आपला डावा डोळा गमावला. आईबाप झालेल्या पक्ष्याला किती भीती वाटते, हे मुलांना समजावण्यासाठी मी हे उदाहरण देतो.

एक लेन्स की तीन संच?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वर्गणीतून लाखभर रुपये जमले, असे धरू. त्यात मोठ्या लेन्सच्या जातीतली एक बऱ्यापैकी लेन्स येईल. तिचे वजन दोन किलोंच्या आसपास असेल. ती पडली तर काय, या धास्तीने तिला कुलूप लागेल, किल्ली कार्यालयात राहील आणि पाहुणे आले की ती बाहेर निघेल. महागडे साहित्य आणि शाळेतली कपाटे यांचे नाते शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. काचेचे झाकण कधीच न निघालेले सूक्ष्मदर्शक मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहेत. लेन्सच्या बाबतीत कुलूप आणखी घातक ठरते. पावसाळ्यात अंधाऱ्या, दमट कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या काचांवर बुरशी धरते. वापरात असलेल्या, उजेड-वारा लागणाऱ्या लेन्सला तो धोका कमी असतो.

शिवाय एकच लेन्स असली की ती कुणाच्या हातात जाते, हा प्रश्न उरतोच. ज्याला थोडे येते, जो धीट आहे, जो पुढे होतो, त्याच्या हातात ती जाते. पाचव्या रांगेतला अबोल मुलगा आणि पहाटे वसतिगृहाबाहेर पडण्यासाठी चार परवानग्या लागणारी मुलगी यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही. त्याच रकमेत वापरलेले तीन कॅमेरे आणि तीन साध्या टेलिफोटो लेन्स येतात. जुना एक धरून चार संच झाले, तर दर रविवारी चार गट निघू शकतात. प्रत्येक गटात पाच जण धरले, तर महिन्याभरात ऐंशी मुलांच्या हाती कॅमेरा जातो. ही संख्या मला कोणत्याही नाभीय अंतरापेक्षा मोठी वाटते.

म्हणून माझी सूचना अशी आहे. चार संचांची एक नोंदवही ठेवावी आणि आठवीपासूनच्या प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव पाळीने तीत यावे. मुलींच्या गटासाठी शिक्षिकेने पहाटेची पाळी घ्यावी. त्या पाळीला कामाचे तास म्हणून मान्यता मिळावी. पावसाळ्यासाठी हवाबंद डबे आणि सिलिका जेलच्या पुड्या घ्याव्यात. मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश ग्रंथालयात असावा, म्हणजे मुलांना पक्ष्यांची मराठी नावे मिळतील. आजीकडून ऐकलेले नाव वेगळे असेल, तर तेही वहीत लिहावे. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडणारा हा आठवडा आहे. त्या आठवड्यात मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवावे आणि प्रत्येक चित्राखाली तारीख, स्थळ व नोंद असावी.

पालकांना माझी विनंती आहे की, सुट्टीत मूल सकाळी उठून शेताच्या बांधावर तासभर नुसते बसलेले दिसले, तर ते रिकामटेकडे आहे असे समजू नये. आणि माजी विद्यार्थ्यांना सांगणे असे की, तुमची वर्गणी विद्यालयाला हवीच आहे. पण वर्षातून दोन रविवार सकाळी सहा वाजता तलावाच्या बांधावर तुम्ही स्वतः आलात, तर त्याची गरज त्याहून अधिक आहे. तुमच्यापैकी अनेकांनी हा परिसर मुलांच्या वयात पायाखाली घातला आहे. सुगरणीची घरटी कोणत्या विहिरीवर लोंबकळतात आणि टिबुकली कोणत्या पाणवनस्पतीत दडते, हे तुम्हाला आजही आठवत असेल. कोणत्याही लेन्सबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत ते छापलेले नसते. ते मुलांना येऊन सांगा.